आईनं पास केलेली गाणी

गाणंबजावणं करणाऱ्या मंडळींत तिला सगळे ‘इस्त्री’ म्हणायचे. तोंडावर इस्त्रीताई, पाठीमागे नुसतीच इस्त्री. कारण कितीही चुरगळलेला आवाज तिच्या हाती द्या, दोन दिवसांत घडी घालून परत मिळायचा. एखादा गायक ओळीच्या सुरुवातीला खेकसायचा आणि शेवटी पुटपुटायचा, एखादीचा आवाज मधल्या सुरात डबा पडल्यासारखा वाजायचा. इस्त्री आपल्या गॅरेजात बसून त्यांना सुतासारखं सरळ करायची.

गॅरेज खरंच गॅरेज होतं. त्यातली गाडी वडिलांच्या पाठोपाठ गेली आणि भिंतींना जुन्या गोधड्या, गाद्या आणि पुस्तकांची कपाटं लागली. मधोमध एक टेबल, दोन मोठे स्पीकर, एक पडदा, आणि चाकांची खुर्ची, जिचं एक चाक गेली सहा वर्षं ‘उद्या बघू’ या यादीत होतं. तिथून मागच्या दारानं अकरा पावलं टाकली की स्वयंपाकघर. तिच्या धंद्यातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू त्या स्वयंपाकघरात होती. तिची आई.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तीस वर्षं अनोळखी माणसांचे आवाज ऐकून ऐकून तिला अशी खोड लागली होती, की कुणी ‘हॅलो’ म्हटलं की ती सांगायची, “हा उभा राहून बोलतोय,” किंवा, “हिच्या बाजूला कुणीतरी बसलंय आणि ते तिला आवडत नाहीये.” नव्याण्णव वेळा बरोबर असायचं. शंभराव्या वेळी ती म्हणायची, “तोच खोटं बोलतोय.”

मुलीनं हे काम धरलं तेव्हा आईनं एकदा विचारलं होतं, “नक्की करतेस काय गं तू दिवसभर? गाणं तर त्यांनी आधीच गायलेलं असतं.”

“दोन मुख्य कामं, आई. एक कंप्रेसर. आवाज फार उसळला की तो त्याला दाबतो. उसळी दाबली की सगळंच थोडं वर उचलता येतं, मग पुटपुटलेलंही ऐकू येतं. आणि दुसरं इक्यू. आवाजातलं जाड किती, बारीक किती, घुमारा किती, धार किती, ते बघायचं.”

“म्हणजे एक वर्गात पोरं गप्प बसवणारी बाई, आणि दुसरा तिखटमीठ बघणारा आचारी.”

“तसंच.”

“एवढं शिकायला चार वर्षं लागली तुला?”

पण त्या दिवसापासून एक पद्धत पडली. गाणं तयार झालं की ते बाहेर जायच्या आधी स्वयंपाकघरात वाजायचं. फ्रिजवर एक छोटा स्पीकर होता, जेमतेम चहाच्या डब्याएवढा. मोठ्या स्पीकरवर काहीही शोभतं, ह्याच्यावर टिकलं तर कुठंही टिकेल, असं इस्त्रीचं म्हणणं. आई त्याच्याकडे पाठ करून टेबलाशी बसायची आणि शेंगा सोलायची किंवा कपड्यांच्या घड्या घालायची. मध्ये कुणी बोलायचं नाही. इस्त्री दाराच्या चौकटीला टेकून फक्त आईच्या हातांकडे बघत राहायची. हात चालू राहिले तर गाणं पास. हात थांबले तर तिथं काहीतरी चुकलंय.

“इथं गच्च झालंय. खिडकी उघड जरा,” आई म्हणायची. की मुलगी परत अकरा पावलं चालून जायची आणि खालचा घुमारा काढायची. “ही गाताना हसतेय, मला ऐकू आलं पाहिजे.” “हा ढोलवाला माझ्या मांडीवर येऊन बसलाय, त्याला उठव.” अठरा वर्षांत आईनं पास न केलेलं एकही गाणं त्या घरातून बाहेर गेलं नाही. मंडळींनाही ते ठाऊक झालं होतं. लोक फोन करून विचारायचे, “आईंचं झालं का?”

गेली तीन-चार वर्षं आईची तक्रार एकाच जागी यायला लागली होती.

“बाकी छान आहे गं, पण शब्द नीट कळत नाहीत. तोंडात बोट घालून गातेय की काय ही?”

इस्त्री जाऊन इक्यूवर वरची धार जरा वाढवायची. शब्द टोकदार व्हायचे. आईचे हात पुन्हा चालू. पुढच्या गाण्याला पुन्हा तेच. “आजकालची मुलं अक्षरं खातात,” असं मायलेकींनी मिळून ठरवून टाकलं होतं.

मग एका दुपारी बासरीवाला आला. तिचा वीस वर्षांपासूनचा दोस्त, ज्याला दार वाजवायचं असतं हे कुणी शिकवलंच नव्हतं.

“अगं, एक विचारायचंय, रागवू नकोस.”

“म्हणजे रागवण्यासारखंच आहे.”

“ही माझी बासरी आहे की दाढदुखी?” त्यानं मोबाइल तिच्यापुढे धरला. “तीन मिनिटांच्या वर ऐकवत नाही. माझी बायको स्वयंपाकघरातून ओरडली, की कुणी काचेवर चमचा घासतंय का म्हणून. मी वाजवत होतो गं ते!”

“तुझ्या बायकोला मुळातच—”

“माझ्या बायकोचं सोड. गेल्या वर्षातलं तुझं सगळंच टोचतंय. कुणी तोंडावर बोलत नाही एवढंच. मी बोलतो, कारण तू मला चहा देतेस.”

तिनं चहा दिला. तो गेला. मग तिनं जुनी गाणी एकेक करून उघडली आणि प्रत्येकाचं इक्यू पडद्यावर लावून बघितलं. इक्यूची एक रेघ असते. सपाट असली तर काही केलेलं नाही. उंचवटा असला तर तिथं वाढवलंय. पाच वर्षांपूर्वीच्या गाण्यात, जिथं स, श, च, फ ह्या अक्षरांची फुंकर राहते, तिथं रेघ सपाट होती. चार वर्षांपूर्वी तिथं तिळाएवढा फुगवटा. तीन वर्षांपूर्वी वाटाणा. गेल्या वर्षी लिंबू. आणि बासरीवाल्याच्या गाण्यात चक्क डोंगर. गायक वेगळे, वाद्यं वेगळी, जागा मात्र तीच.

तिला स्वतःला हे कसं कळलं नाही? रोज चिमूटभर मीठ जास्त पडत गेलं की जिभेला पत्ता लागत नाही, तसं झालं होतं. आणि खरं सांगायचं तर, शंका आलीच तरी ती स्वतःच्या कानांपेक्षा आईच्या हातांवर विश्वास ठेवत आली होती.

तिनं मग एक गोष्ट केली जिची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. एका गाण्यातलं खालचं, मधलं सगळं कापून टाकलं आणि फक्त ती वरची फुंकर ठेवली. मुंग्या कुजबुजल्यासारखा आवाज. तो तिनं फ्रिजवरच्या स्पीकरवर लावला. आई मटार सोलत होती. सळसळ, चुसचुस, सगळं स्वयंपाकघर भरून वाजत होतं. आई सोलत राहिली. एक मिनिट गेलं.

“लाव ना गं,” आई म्हणाली, मागे न बघता. “मी वाट बघतेय.”

इस्त्रीनं स्पीकर बंद केला. “सुरूच होत नाहीये, आई. आलेच.”

अकरा पावलं चालून ती गॅरेजात गेली आणि मोडक्या चाकाच्या खुर्चीवर बसून राहिली. तोंडाकडे बघितल्याशिवाय आई हल्ली उत्तर देत नाही, हे तिच्या आत्ता लक्षात येत होतं. फोन आला की ‘तूच घे’ म्हणते. एक्स्चेंजची ऑपरेटर!

सांगावं तर लागणार. पण काय सांगणार? ‘आई, तुझ्या कानांमुळे माझी गाणी बिघडली’? दिवसभरात आईला हवं असलेलं, तिच्यावाचून अडणारं असं एकच काम घरात उरलं होतं. तेच काढून घ्यायचं? आणि काढून घेतलं तर हिचं तरी कसं व्हायचं? हात चालू आहेत की थांबले, हे बघितल्याशिवाय गाणं बाहेर पाठवायचं तिला माहीतच नव्हतं.

त्याच आठवड्यात नर्सबाईंचं काम हातात होतं. सरकारी इस्पितळात रात्रपाळ्या करणारी चाळिशीची बाई, स्वतः गाणी लिहायची आणि हलक्या आवाजात गायची. सहा गाणी, पहिलाच संच. इस्त्रीनं शेवटी भेकडासारखा मार्ग काढला. प्रत्येक गाण्याची दोन मिक्सिंग केली. एक जगासाठी, डोंगर उतरवून. दुसरं वरची धार भरपूर लावून, फक्त स्वयंपाकघरासाठी. त्या फायलीला नाव दिलं ‘आईसाठी’.

“आता कसं!” आई खूश झाली. “शब्द न् शब्द. ही बाई अक्षरं खात नाही हो.”

“नाही ना,” इस्त्री म्हणाली आणि त्या दिवशी जेवताना तिनं दुसरी पोळी नको म्हटलं.

पाच गाणी अशी पास झाली. फसवणुकीत एक सोय असते, दुसऱ्या वेळी कमी टोचते. तिसऱ्या वेळी इस्त्रीला वाटायला लागलं, की असंही चालवता येईल. वर्षानुवर्षं.

रविवारी सकाळी नर्सबाई घरीच आल्या. हातात पिशवीभर संत्री.

“ताई, म्हटलं आईंना भेटूनच यावं. त्यांनी पास केलं ना माझं! आमच्या वॉर्डात सगळ्यांना ऐकवलं मी.” आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी मोबाइल फ्रिजवरच्या स्पीकरला जोडला. “हे तिसरं माझं सगळ्यात लाडकं. आई, तुमच्याबरोबर बसून ऐकायचंय मला.”

“अहो, आत्ता कशाला—” इस्त्री पुढे झाली, पण गाणं सुरू झालं होतं.

हे जगासाठीचं होतं. वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याला ‘उद्या येते’ असं सांगून सुट्टीवर गेलेल्या नर्सचं गाणं. ती परत येते तेव्हा खाट रिकामी असते. आई संत्रं सोलत होती. दुसऱ्याच ओळीला तिचे हात थांबले.

ते परत सुरू झाले नाहीत. अर्धवट सोललेलं संत्रं तसंच हातात. इस्त्रीनं चौकट घट्ट धरली.

गाणं संपलं. नर्सबाई मोठ्या आशेनं आईच्या तोंडाकडे बघत होत्या. आईनं मुलीकडे एकदा पाहिलं. एकदाच. मग पाहुणीकडे वळून तिच्या हातावर हात ठेवला.

“छान गातेस, बाई. एक विचारू? ते ‘उद्या येते’ दुसऱ्यांदा म्हणतेस ना, तिथं तुझा आवाज असाच होता? एवढा धडधाकट?”

नर्सबाई ओशाळल्या. “नाही हो, आई. तिथं माझा आवाज बसलाच होता. नुसता श्वास उरला होता. मला वाटलं परत गावं लागणार. पण ताईंनी सावरून घेतलं. बरंच झालं. लोकांपुढे कसं दिसलं असतं ते?”

“हं,” आई म्हणाली. “संत्री गोड आहेत.”

नर्सबाई चहा पिऊन, दोनदा वाकून नमस्कार करून गेल्या. फाटक वाजलं. दोघी टेबलाशी समोरासमोर.

“किती दिवस?” आईनं विचारलं.

“काय किती दिवस?”

“माझं ताट वेगळं वाढतेस ते. आजाऱ्याला वाढतात तसं.”

इस्त्रीनं संत्र्याची साल उचलली, ठेवली. “ह्याच संचापासून. आई, मी सांगणार होते.”

“कधी? मी गेल्यावर फोटोला?”

“असं काय बोलतेस!”

“मग कसं बोलू? मी मूर्खासारखी ‘आता कसं, आता कसं’ करत बसले. तू तिथं उभी राहून बघत होतीस.” आईचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्तच लागला. मग ती म्हणाली, “मला माहीत होतं.”

“काय?”

“की मला ऐकू येत नाही. वर्ष-दीड वर्ष झालं. न कळलेल्या प्रत्येक प्रश्नाला मी ‘हो’ म्हणते. एवढ्यात कशालाच ‘नाही’ म्हटलेलं नाही मी तुला. तुला विचित्र वाटलं नाही?”

“मला वाटलं तू वयानं मवाळ झालीस.”

“मी? मवाळ?”

दोघींनाही हसू आलं आणि दोघींनीही ते दाबलं.

“मग सांगितलं का नाहीस?” इस्त्रीनं विचारलं.

“सांगितलं असतं तर तू ऐकवणं बंद केलं असतंस.” आईनं टेबलावरच्या बिया एका जागी गोळा केल्या. “लोक विचारतात ना, आईंचं झालं का. बंद झालं असतं ते. मी नुसती शेंगा सोलणारी म्हातारी झाले असते.”

इस्त्री म्हणाली, “मला जमत नाही गं तुझ्याशिवाय. म्हणून तर हा सगळा चोरटेपणा केला.”

“ते दिसतंच आहे, जमत नाही ते. त्या पोरीचा गळा दाबलास की तू.”

“कुणाचा?”

“नर्सबाईचा! तुझं ते पोरांना गप्प बसवणारं यंत्र. किती दाबलंयस त्याला? ती खाली जातेय, श्वास उरलाय तिच्याकडे नुसता, आणि तू तिला दंडाला धरून उभी करतेस. हसतमुखानं उभी राहा म्हणतेस.”

“पण आई, तू पास केलं होतंस हे गाणं. तुझ्या त्या मिक्सिंगमध्येसुद्धा दाब एवढाच होता.”

“तेव्हा मी शब्द पकडत होते. दोन वर्षं मी दुसरं काही केलेलंच नाही. शब्द निसटू नयेत म्हणून जीव मुठीत धरून बसायचं. आज तुझ्या गाण्यात मला एक शब्द धड कळला नाही, म्हणून सोडून दिलं. म्हटलं, जाऊ दे, नुसता आवाज ऐकू. तर तो आवाज वर जाईना की खाली येईना. एक्स्चेंजला मेलेल्या माणसाची बातमी सांगणारे लोक असे बोलायचे. सगळं एका उंचीवर. तिथं त्यांना रडायला जागा नसायची, लायनीत लोक उभे असायचे. हिला कसली घाई आहे?”

इस्त्री उठली. “चल.”

“कुठं?”

“गॅरेजात.”

अठरा वर्षांत आई तिथं काम चालू असताना कधी बसली नव्हती. मोडक्या चाकाची खुर्ची तिला दिली तर म्हणाली, “ही काय खुर्ची आहे की झोका?” इस्त्री स्टुलावर बसली. तिसरं गाणं लावलं. आवाज जिथं दबत होता तिथं पडद्यावर एक काटा खाली झुकायचा. आईला तो काटा दाखवला.

“हा जेवढा झुकतोय, तेवढा मी तिला धरतेय.”

“मग सोड.”

तिनं थोडं सोडलं. काटा निम्माच झुकायला लागला.

“अजून.”

“अजून सोडलं तर ती जागा ऐकूच येणार नाही, आई. बाहेर रस्त्यावर, गाड्यांमध्ये—”

“ऐकणाऱ्याला पुढे वाकू दे की जरा.”

ती सोडत गेली. पण सगळीकडे नाही, कारण बाईचा आवाज मध्येच उसळला तर आईच ओरडली असती. फक्त त्या एका ओळीपुरता तिनं कंप्रेसर बाजूला केला आणि तिथं स्वतःच्या बोटानं आवाज कमीजास्त करायची कळ एवढीशी वर सरकवली, श्वास तुटू नये इतकीच. पुन्हा लावलं. ‘उद्या येते’, पहिल्यांदा, नीट, कामावरच्या माणसासारखं. दुसऱ्यांदा आवाज खाली गेला, गेला, कागदाएवढा पातळ झाला. मग पुढच्या ओळीला बाई परत उभी राहिली. स्वतःच्या पायांवर.

आईच्या हातात सोलायला काही नव्हतं. तिनं पदराचं टोक धरलं होतं आणि ते धरलेलंच राहिलं. इस्त्रीला पहिल्यांदाच त्या हातांवरून काही कळेना, म्हणून तिला विचारावं लागलं.

“झालं?”

“झालं,” आई म्हणाली. मग घसा खाकरून, “ते श्वासाचं झालं. शब्दांचं मला विचारू नकोस. ते तुझं तू बघ.”

आई संत्र्याच्या साली गोळा करायला गेली. इस्त्रीनं दार लोटलं, वरच्या धारेचा तो भाग उघडला, आणि दाराच्या चौकटीत कुणी नसताना, कुणाच्या हातांकडे न बघता, तिनं तो थोडा वर केला, थोडा खाली आणला, परत एक केसभर वर केला. डोळे मिटून तीनदा ऐकलं. फाइल पाठवून दिली.

मंगळवारी सकाळी घरातला फोन वाजला. इस्त्रीचे हात कणकेत होते. आईनं फोनकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, आणि उठून स्वतः उचलला.

“हॅलो? कोण, नर्सबाई? हं... हं...” कपाळाला आठी. नेहमीचं ‘हो हो’ जिभेवर आलेलं इस्त्रीला लांबून दिसलं. आईनं ते गिळलं. “थांब बाई, थांब. मला ऐकायला कमी येतं. वरचं सगळं जातं. जरा सावकाश, आणि मोठ्यानं बोल. आणि रडत असलीस तर आधी रडून घे, मी थांबते.”

तिनं स्टूल पायानं जवळ ओढलं आणि फोन कानाला लावून बसून राहिली.